नावाडिणीचे उतारू

८ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर आपलं जमत नाही म्हणून लिहायला बसले. परवा मी विचारलं, कसा आहेस, तर तू म्हणालास, कालच कापले. तुला "केस" ऐकू आलं होतं, हे फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात शिरलं आणि मी रस्त्यात एकटीच हसले. मग हसू गेलं. आई सांगत होती की मामी गेल्यापासून तू चारचौघांत बसणंच सोडलंस. कुणी काही विचारलं की हो हो म्हणतोस आणि आत निघून जातोस. टीव्हीही बंद, कारण आवाज वाढवला की शेजारचे भिंत वाजवतात.

मी इथे रुळले आहे. लॅबमध्ये दिवसभर लोकांचे दात घडवते. काल एका आजोबांसाठी मुद्दाम पिवळसर दात केले. फार पांढरे बसवले तर बायको ओळखणार नाही, असं त्यांनी डॉक्टरांना बजावलं होतं.

आता मुद्द्याचं. आईबरोबर टॅब पाठवलाय. त्यात एक परदेशी कार्टून मालिका भरून दिली आहे. नाक मुरडू नकोस. एक मोठी नदी आहे, दोन काठांवर दोन भाषा बोलणारी माणसं आहेत, एकमेकांशी भांडलेली, आणि मधून होडी चालवणारी एक म्हातारी नावाडीण आहे. मालिकेची भाषा आपल्याकडे जवळजवळ कुणालाच येत नाही. सगळे खालच्या मराठी ओळी वाचतात. म्हणजे कानांचं कामच नाही. पहिल्या भागापासून बघ, आणि पुढे काय होतं ते मला विचारायचं नाही.

लोभ आहेच, तो थोडा पत्राने कळव.
तुझी,
बेडकी


२१ जानेवारी

चि. बेडकीस,
अ. आ.

तुझ्या आईने ते यंत्र आणून दिलं, कुठे दाबायचं ते सांगितलं, मी हो हो म्हटलं आणि ती गेल्यावर बराच वेळ हिशेबाचं यंत्रच उघडत बसलो. शेवटी नदी सापडली.

तक्रारी आधी सांगतो. मी जन्मभर पोरांना पोहायला शिकवलं, तुला तर पाण्यात उडी मारायची पद्धत बघूनच बेडकी म्हणायला लागलो, आणि तू मला पाण्याला घाबरणारं पाणमांजर दाखवतेस? तेही होडीवर स्वयंपाकाला ठेवलेलं? दुसरं, तो व्यापाऱ्याचा मुलगा बुडताना हात हलवून ओरडतो. बुडणारा माणूस ओरडत नाही गं. त्याला श्वासच पुरत नसतो. तो अगदी गप्प बुडतो. हे त्या चित्रकारांना कुणीतरी कळवायला हवं.

आता बाकीचं. मी एका बैठकीत चार भाग बघितले. कुणी हसलं की मी सगळ्यांचं बघून मागाहून हसतो, हे तुला ठाऊक आहे. इथे पाणमांजराच्या अंगावर पीठ सांडलं तेव्हा मी वेळेवर हसलो. घरात माझा मलाच आवाज जाणवला, इतका.

आणि एक विचारायचं आहे. तिसऱ्या भागात दोन काठांवरचे दोघे होडीत भांडतात, तेव्हा नावाडीण म्हणते, "शहाणपण खुंटीला टांगा आणि मुकाट बसा." मी तिथेच चित्र थांबवलं. हे वाक्य मी जगात एकाच बाईच्या तोंडून ऐकलेलं आहे. या ओळी लिहितं कोण?

नावाडिणीने कंदिलावर कापड का टाकलं? पुढे काय होतं?

तब्येत सांभाळ, आणि मामावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मामा


२ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

ओळखलंस. ओळी मी लिहिते.

त्या मालिकेचे आमच्यासारखे वेडे बरेच आहेत. आम्ही स्वतःला उतारू म्हणवतो. आपल्या भाषेत ती कुणी आणत नव्हतं, म्हणून आम्ही काही जण मिळून भाग वाटून घेतो आणि हौसेने ओळी लिहितो. मी भाषा आधी ऐकून ऐकून उचलली, मग लॅब सुटल्यावर शिकवणी लावली. माझ्या वाट्याला नावाडीण आली. पहिल्या खेपेला ती अशी बोलली की जणू सरकारी पाटी वाचतेय. मी चारदा खोडलं. मग एका जागी ती कुणालातरी दटावते, तिथे माझ्या हातून आपोआप मामीच उतरली. तेव्हापासून मी नावाडिणीचं वाक्य लिहिताना मनात विचारते, मामी हे कसं म्हणाली असती. तुला न सांगताच दाखवायचं होतं. तुला ती सापडते का, ते बघायचं होतं.

कंदिलाचं सांगणार नाही.

पण एक कर. तुझ्याच गावात उतारूंचं एक टोळकं आहे. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी जमतात, भाग लावतात आणि कडाकडा भांडतात. त्यांची म्होरकी टपाल वाटते. तिला मी कळवलंय की एक नवा उतारू येईल, जरा तिरसट आहे, पण पाण्यातलं त्याला समजतं. जा. नाही आवडलं तर जिना उतरून घरी ये.

रागावला नसशील अशी आशा आहे. रागावला असशील तर पत्रातून रागाव, पण लिही.
तुझी,
बेडकी


२७ फेब्रुवारी

चि. बेडकीस,
अ. आ.

रागावलो नाही. पत्र आलं त्या दिवशी पहिल्या भागापासून पुन्हा सगळं बघितलं, फक्त तिच्या ओळींसाठी.

वाचनालयात पहिल्या रविवारी अर्ध्या जिन्यावरून परत फिरलो. पुढच्या रविवारी वर पोचलो. घडीच्या खुर्च्या, भिंतीला टाचलेली चादर, तिच्यावर चित्र. टपालबाई, एक नर्सबाई, कुलपं दुरुस्त करणारा एक धिप्पाड गडी आणि कॉलेजातल्या दोघी मैत्रिणी. त्या दोघींनी डोक्यावर पाणमांजराचे केसाळ कान लावले होते. मी बसतो न बसतो तोच माझ्याही डोक्यावर एक जोडी चढवली. माझी अडचण कानांचीच, आणि या लोकांनी ओळख व्हायच्या आत मला नवे बसवून दिले.

भाग संपला आणि सगळे एकदम बोलायला लागले. माझं नेहमीचं झालं, तोंडं हलताना दिसतात आणि कानात नुसती गाज. मी उठलो होतो खरा. मग काय वाटलं कोण जाणे, मी मोठ्याने म्हणालो, मला ऐकू येत नाही. आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या आईलाही नाही. टपालबाईंनी कोपऱ्यातला फळा ओढून आणला आणि फर्मान काढलं की ज्याला भांडायचंय त्याने लिहून भांडायचं. तेव्हापासून तसंच चालतं. कुलूपवाला म्हणतो, खडू हातात आला की माणूस निम्मं बोलतो.

आता दुसऱ्या पर्वाचा शेवट. नावाडीण पुरात पाण्याखाली जाते आणि पडदा काळा होतो. हे सगळे वर्षभर त्याच काळजीत आहेत, ती आहे की गेली. मी तो भाग थांबवून थांबवून दाखवला. खाली जाण्याआधी तिचा खांदा बघ, वळलेला आहे. तोंड उघडं आहे ते भीतीने नाही, श्वास भरून घ्यायला. मी फळ्यावर लिहिलं, ती बुडत नाहीये, बुडी मारतेय. टाळ्या मला दिसल्या. नर्सबाईंनी डोळे पुसले.

ती जिवंत आहे, बेडके. मी खात्रीने सांगतो.

लोभ वाढतोच आहे, तिकडूनही तसाच असू दे.
तुझा मामा


१० एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझी बुडी कुठवर पोचलीय याची तुला कल्पना नाही. तुझ्या फळ्याचा फोटो गावोगावच्या उतारूंनी एकमेकांना पाठवला. परवा मला एका अनोळखी मुलीने विचारलं की ते पोहण्याचे सर तुझे कोण. मी अशा काही ऐटीत सांगितलं, माझे मामा.

नवं पर्व आलंय. ओळी लिहायच्या म्हणून आम्हाला सगळ्यांच्या आधी बघावं लागतं. त्यातलं अवाक्षर सांगायचं नाही असा आमचा नियम आहे आणि मी तो मोडणार नाही. फक्त एक विनंती. पहिला भाग घरी एकट्याने बघू नकोस. रविवारपर्यंत थांब आणि सगळ्यांबरोबर बघ.

माझी एक ओळ अडली आहे. काल मेणाचा दात हातात धरून तिचाच विचार करत होते, तो वितळून बोटाला चिकटला. मामी असती तर विचारलं असतं.

जीव लावून आहे, हे विसरू नकोस.
तुझी,
बेडकी


२२ एप्रिल

चि. बेडकीस,
अ. आ.

तुझं ऐकलं. सगळ्यांबरोबर बघितलं.

गेली ती. रिकामी होडी सापडते आणि मग तो शेवटचा क्षण पाण्याखालून दाखवलाय. श्वास तिने भरून घेतला होता, तेवढं माझं बरोबर होतं. पण पूर मोठा होता. पुरात शिरण्याआधीचा प्रसंगही आता दाखवलाय, त्यात ती पाणमांजराला म्हणते, "मी आलेच. चूल विझू देऊ नकोस." तुझी अडलेली ओळ ती हीच, मी ओळखलं. मामीही बाहेर पडताना असंच काहीबाही काम सांगून जायची.

दिवा लागला तेव्हा कुणी हललं नाही. माझ्या शब्दावर विसंबून ही माणसं इतके दिवस आशा धरून बसलेली. मी डोक्यावरचे कान काढून खुर्चीवर ठेवले आणि निघालो. टपालबाईंनी बाही धरली. फळ्यावर लिहिलं, "तुमच्यामुळे ती आम्हाला आणखी थोडे दिवस मिळाली." मग मी रडलो. सगळेच रडत होते, त्यात माझं खपून गेलं. मामीच्या वेळी मला हे जमलं नव्हतं.

आता जे विचारणार आहे ते शांतपणे वाच. पाणमांजराला तिचं शेवटचं बोलणं ऐकू आलं. त्याचे कान हलले, मी बघितले. दवाखान्यात त्या दुपारी तुझी मामी मला काहीतरी म्हणाली. तिचा आवाज पार गेलेला. मला ओठ हललेले दिसले, शब्द एकही पोचला नाही. मी तिचा हात धरून हो म्हणालो. तिने डोळे मिटले. मागाहून कुणाला विचारणार? तू पलीकडच्या बाजूला उभी होतीस. तुला ऐकू आलं होतं का? नसेल तर तसं सरळ लिही, मी काही वाटून घेणार नाही.

तुझा मामा


२९ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मला ऐकू आलं होतं.

तू इतक्या निश्चयाने हो म्हणालास की तुलाही आलं असणार, असंच मी धरून चालले. ते तुमच्या दोघांचं होतं, म्हणून कधी तोंडातून काढलं नाही. नंतर तू तलावावर जाणं सोडलंस याचं मला नवल वाटायचं. वाटायचं, दुःख आहे, आपण टोचू नये.

मामी म्हणाली, "घरात बसून राहू नका. पोहायला जात जा." एवढंच. तू हो म्हणालास आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मी बघत होते, मामा. ती निवांत झाली होती.

नावाडिणीची ओळ लिहिताना माझ्यासमोर तीच दुपार होती.

येत्या सुट्टीत मी येतेय. तोवर पत्र लिहीत राहा.
तुझी,
बेडकी


१८ मे

चि. बेडकीस,
अ. आ.

म्हणजे मी शब्द दिला होता. कशाला ते माहीत नसताना दिला, पण दिला. मी मनात काय काय मोठं कल्पून बसलो होतो. आणि ती काय बोलली तर, पोहायला जात जा. पत्र वाचून ठेवलं आणि माळ्यावरून पोहायची चड्डी काढली. नाडी उंदराने खाल्लेली.

तलावावर फाटकाशी नवा माणूस आहे. त्याने मला विचारलं की पोहता येतं का. मी म्हटलं, बघू. पहिल्या फेरीतच छाती भरून आली, अर्ध्यावरच काठाच्या दांड्याला लटकून राहावं लागलं. पण पाण्याखाली डोकं घातलं आणि बरं वाटलं. तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही.

रविवारी फळ्यावर सगळं लिहून सांगितलं. तेव्हा कळलं की नदीच्या मालिकेवर जीव टाकणाऱ्या या मंडळींत पोहता एकालाही येत नाही. दोघी मैत्रिणींनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आता रविवारी सकाळी तलाव आणि मग वाचनालय. नर्सबाईंनी मला कानांच्या डॉक्टरांची वेळही घेऊन दिली आहे. पुढच्या आठवड्यात जाऊन येतो. तुझ्या आईला आधीच सांगू नकोस, ती गावभर करेल.

टपालबाई पाण्यात फार घाबरतात. कठड्याचा गज सोडतच नव्हत्या. काल त्यांना उताणं तरंगायला शिकवलं. पाठीखाली माझा हात होता. अंग सैल पडलं तसा मी तो हळूच काढून घेतला आणि बाजूला उभा राहिलो. त्या डोळे मिटून तशाच तरंगत होत्या.

ये लवकर. पोहायचे कपडे आण.
तुझा मामा