पहिली बास्केट पडेपर्यंत

कूराबिन, मंगळवार

प्रिय नोरीनताई,

सप्रेम नमस्कार. तुझी कंबर, तुझा रक्तदाब आणि पोर्ट हेन्लीचा तो मेला वारा, तिन्ही आवाक्यात असतील अशी आशा करते. माझा नवा गुडघा तीन आठवड्यांचा झाला. (डॉक्टर म्हणतात, बाळ छान आहे.) पण ताई, बातमी ऐक: आपल्या पेलिकन्सच्या पोरी शनिवारी बास्केटबॉलचा अंतिम सामना खेळणार! सहा हंगामांत पहिल्यांदा, घरच्या हॉलमध्ये, आणि समोर तुझं पोर्ट हेन्ली! घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

तू पहिला हंगाम बघून गेलीस, म्हणून पुढचं थोडक्यात सांगते. (थोडक्यात सांगणं मला जमत नाही, हे सिस्टर इग्नेशियसनी प्रगतिपुस्तकातच लिहून ठेवलंय.) दुसऱ्या हंगामात आपण एकवीसपैकी दोन सामने जिंकलो, त्यातला एक समोरच्यांची बस भलत्याच गावी गेल्यामुळे. तिसऱ्या हंगामात अमेरिकेहून सव्वासहा फुटांची डेझरे आली. मी कौतुकाने अख्खी भाजलेली कोकराची तंगडी घेऊन गेले, तर ती बिचारी दारातच म्हणाली, "मिस कार्मेल, मी मांस खात नाही हो." तेव्हापासून मी भोपळ्याचे स्कोन भाजून नेते, आणि त्या वर्षी आपण तळातून थेट सहाव्या क्रमांकावर आलो. (स्कोनचं श्रेय प्रशिक्षकाने घेतलं.) चौथ्या हंगामात एका सामन्यात आपली पहिली बास्केट पडायला सहा मिनिटं चाळीस सेकंद लागली. आणि आपला रिवाज तुला ठाऊकच आहे: आपली पहिली बास्केट पडेपर्यंत अख्ख्या हॉलने उभं राहून टाळ्या वाजवायच्या. मागच्या रांगेतला म्हातारा पोलॉक शेवटी ओरडला, "अगं पोरींनो, टाका एकदाची! माझी पेन्शन घ्यायची वेळ झाली!" पाचव्या हंगामात उपांत्य सामना एका गुणाने गेला आणि कर्णधार टेगन (आपल्या खाटकाची धाकटी) माझ्या खांद्यावर रडली, म्हणजे खाली वाकून रडली.

या सगळ्यात मी एकदाही आधी बसले नाही. आता डॉक्टर म्हणतात, उभं राहायचं ते फार तर दोन मिनिटं. आणि दोन मिनिटांत बास्केट टाकायची आपल्या पोरींना सवय नाही. टेगन भेटायला आली होती. म्हणाली, "मावशी, बसा की खुशाल! आम्ही काय तुमच्या गुडघ्यांवर खेळतो?" मी म्हटलं, "सहा वर्षं माझ्याच गुडघ्यांवर खेळताय, बाई." ती हसत सुटली. मी नाही हसले, कारण मला तू आठवलीस.

पहिल्या हंगामाचा शेवटचा सामना. तुझ्या पायाचं कुरूप ठणकत होतं, तू बास्केटच्या आधी बसलीस, आपण दोन गुणांनी हरलो, आणि मी भर रांगेत म्हणाले, "हिच्यामुळे हरलो!" तू पर्स उचलून निघून गेलीस. महिन्याभरात मुलाकडे पोर्ट हेन्लीला राहायला गेलीस आणि वर त्यांच्या संघाचा मफलर विणलास! ताई, माझं चुकलं. बसलेल्या माणसाला बसावंच लागलं होतं, हे कळायला मला एक गुडघा बदलून घ्यावा लागला.

तुझी धाकटी,
कार्मेल

ता. क. शनिवारी ये. माझ्याऐवजी तू उभी राहा. फक्त आपली पहिली बास्केट पडेपर्यंत. मग हवं तर तो मफलर गुंडाळून त्यांच्या नावाने ओरड.

ता. क. २. पाय दुखला तर बस. हरलो तरी चालेल. (हे वाक्य लिहायला तीन कप चहा लागला.)

ता. क. ३. जागेची काळजी करू नकोस. दर हंगामाला मी शेजारशेजारच्या दोन खुर्च्या घेते. दुसरीवर माझा कोट असतो. पोलॉक प्रत्येक सामन्याला विचारतो, "इथे कोणी आहे का हो?" आणि पाच वर्षं मी त्याला सांगतेय, "बहीण आहे, गाडी लावायला गेलीय."