छातीवरची रेघ सरळ केल्याबद्दल

शनिवार, दुपारचे सव्वादोन

सौ. सूनबाईंस थोरल्या दिराचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही, मुलगी आणि तुमचे यजमान असे तिघेही सुखरूप असाल अशी आशा करतो. (यजमानांची चौकशी शिष्टाचार म्हणून केली आहे. ती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच पाहिजे असे नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या महिन्यात फोन केलात तेव्हा तो डावा होता. उजव्याने अजून सुरुवात केली नसावी.

त्याच फोनवर तुम्ही माझी तब्येत विचारलीत आणि मी "मस्त" म्हणालो. ते उत्तर अचूक नव्हते. चुकीची माहिती न सुधारता तशीच पडू देणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून हे पत्र. बसून वाचा. अचूक माहिती अशी, की मला अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ आहे. (पहिले डॉक्टर म्हणाले, "साधारण लिंबाएवढी." मी विचारले, कोणते लिंबू? लिंबे काय एका मापाची येतात? तेव्हा कुठे त्यांनी रिपोर्ट उघडून चार पूर्णांक दोन सेंटिमीटर असा आकडा दिला.) दर सोमवारी केमोची सलाइन आणि सोमवार ते शुक्रवार रोज लाइट (म्हणजे रेडिएशन), असा उपचार आहे. लाइट एकूण अठ्ठावीस. तेरा झाले, पंधरा राहिले. चौदावा माझ्यामुळे अडला आणि आता परवा, सोमवारी सकाळी नऊ वाजता, मी घरचे एक माणूस हजर केले नाही तर पुढचे सगळेच अडणार आहे. पण ते क्रमाने सांगतो. मी काही मागण्यासाठी लिहीत नाही, हेही आधीच स्पष्ट केलेले बरे.

केमोच्या खोलीत अकरा खुर्च्या आहेत, पाय लांब करता येतील अशा, आणि प्रत्येकीशेजारी एक प्लास्टिकचे स्टूल. खुर्ची पेशंटची, स्टूल सोबतच्या माणसाचे. पहिल्याच सोमवारी अर्जात "सोबत कोण" असा रकाना आला. रकाना मोकळा सोडणे मला जमत नाही (दुकानाचा बोर्ड रंगवताना मोकळी जागा सोडायची तर ती मुद्दाम सोडावी लागते, राहून गेलेली जागा लगेच ओळखू येते), म्हणून मी "धाकटा भाऊ" लिहिले. सिस्टरने विचारले, कुठे आहेत? मी म्हणालो, खाली गाडी लावतोय. झाले. आता खोटे बोललो म्हटल्यावर ते नीट निभावणे आले. पलीकडच्या खुर्चीवाल्या आजींना भेटायला एकदम चार माणसे आली, त्यातला एकजण माझे स्टूल उचलू लागला. मी म्हणालो, अहो, भाऊ येतोय माझा. त्याने ठेवले. मग पाच तास मी ते स्टूल राखले, सूनबाई. उलटीची भावना झाली तरी एक हात स्टुलावर. शेवटी त्यावर माझी टोपी ठेवली, म्हणजे कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखे दिसावे. तिसऱ्या सोमवारी सिस्टर सलाइन लावता लावता म्हणाली, "काका, तुमचे भाऊ तीन आठवडे गाडीच लावतायत. विमान आहे का?" सगळी खोली हसली. मीही हसलो. विनोद चांगला होता, दाद द्यायलाच हवी.

त्यांनी घरी न्यायला एक सूचनापत्र दिले आहे. त्यात बावीस मुद्दे आहेत, आणि त्यांतले सतरा "घरच्यांनी" या शब्दाने सुरू होतात. (दोनदा मोजले.) घरच्यांनी रोज वजन नोंदवावे. घरच्यांनी पातळ आहार थोडा थोडा द्यावा. मी स्वतःलाच घरचे समजून सतराही मुद्दे पाळायचे ठरवले. दर दोन तासांनी स्वतःला दूध विचारतो, नको म्हणतो, मग थोडा दरडावतो आणि पितो. नववा मुद्दा असा : घरच्यांनी पेशंटला एकटे वाटू देऊ नये. हा राबवायला जरा अवघड गेला. मी आतल्या खोलीतून उठून बाहेरच्या खोलीत स्वतःजवळ येऊन बसलो. पण दोघांपैकी बोलायला कोणीच सुरुवात करेना.

आता मुख्य गोष्ट. लाइट देण्याआधी छातीवर मार्करने खुणा करतात, मधोमध एक उभी रेघ आणि दोन्ही कुशींवर एकेक फुली. त्यांवर भिंतीतल्या यंत्राचा लाल प्रकाश जुळवायचा आणि मग लाइट द्यायचा, अशी पद्धत. हे काम करणाऱ्या बाई उंच, सडसडीत आणि अबोल आहेत. मी मनात त्यांना फूटपट्टी म्हणतो. माणूस कष्टाळू, पण पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आले, की बाईंनी माझ्या छातीवर मारलेली रेघ तिरकी आहे. थोडीथोडकी नव्हे, डावीकडे चांगली कललेली. पस्तीस वर्षे मी सूत मारून, ओळंब्याची दोरी सोडून बोर्डांवर अक्षरे काढली. कोणत्याही शाळेत न जाता हा हात तयार केला, आणि आता रोज सकाळी आरशात स्वतःच्याच अंगावर तिरकी रेघ बघायची? परक्याच्या दुकानावर असती तर नजर वळवून पुढे गेलो असतो. (गेलो नसतो. ते तुम्हाला माहीत आहे. त्यावर पुढे येतो.) सतरा दिवस सोसले. बुधवारी संध्याकाळी आधी साबणाने, मग स्पिरिटने ती रेघ काढली (लाइट लागलेल्या कातडीला स्पिरिट लावून पाहू नये एवढेच सांगतो), कपाटाच्या आरशापुढे उभा राहिलो, हनुवटीखाली ओळंबा धरला आणि बाईंच्याच जातीच्या मार्करने नवी, सरळ रेघ मारली. खरे सांगतो, त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

गुरुवारी टेबलावर झोपलो. लाल प्रकाश आला. बाई थांबल्या. पुन्हा यंत्र हलवले, पुन्हा थांबल्या. मग म्हणाल्या, "काका, ही रेघ कोणी मारली?" मी नम्रपणे म्हणालो, "मीच." कौतुकाला उत्तर देताना माणसाचा आवाज जसा होतो तसा माझा झाला असावा. त्यांनी माप घेतले. जुन्या जागेपासून सात मिलिमीटरचा फरक. बाई पहिल्यांदाच सलग दोन वाक्ये बोलल्या, "काका, रेघ तिरकी नव्हती. तुम्ही तिरके आहात." मग त्यांनी समजावून दिले, की माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे आणि छातीही त्याबरोबर ओढली गेली आहे. असणारच. पस्तीस वर्षे डाव्या हातात रंगाचा डबा आणि शिडीवर उजव्या हाताने काम. मी जगभराच्या भिंतींना ओळंबा लावला, स्वतःला लावायचा राहिला.

यंत्र बंद झाले आणि मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावणे गेले. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असतील, पण आवाज हेडमास्तरांचा. म्हणाल्या, "काका, बोर्ड चुकला तर तुम्ही पुसून परत रंगवता. इथे गाठीशेजारी तुमचं हृदय आहे. ते मला परत रंगवता येत नाही." आता सगळे स्कॅन आणि मोजमाप नव्याने. त्यात गुरुवार गेला, शुक्रवार गेला. खंड पडला की गाठीला तेवढी सवड मिळते, असेही त्यांनी ऐकवले. मी मान खाली घालून ऐकत होतो, तेवढ्यात फूटपट्टीबाईंनी नोंदीसाठी काढलेला माझ्या छातीचा फोटो संगणकावर मोठा करून लावला.

सूनबाई, ती रेघ थरथरलेली होती. ओळंब्याप्रमाणे बरोबर होती, कललेली नव्हती, पण कडेने सगळी दातेरी. दुसऱ्या कोणी ती दाखवून विचारले असते तर मी सांगितले असते, कुणातरी शिकाऊ माणसाचा हात आहे, वर्षभर नुसत्या रेघा मारायला लावा. बुधवारी आरशात ती मला सरळ दिसली होती. बोटांच्या टोकांना गेले आठ दिवस जाड मोजे चढवल्यासारखे वाटते आहे. केमोने असे होते म्हणे. डॉक्टरीणबाईंनी सोमवारी विचारलेही होते, "बोटांना मुंग्या येतात का?" मी नाही म्हणालो होतो. तेही उत्तर अचूक नव्हते. पुढे पुष्कळांचे बरे होते असे त्या म्हणाल्या. पुष्कळांचे म्हणजे शंभरातल्या किती जणांचे, हे मी विचारले नाही. माझ्या आयुष्यात न विचारलेला हा पहिलाच आकडा.

मग मला वजनकाट्यावर उभे केले. साडेचौसष्टचा मी साडेसत्तावन्न भरलो. गिळणे जवळपास बंद आहे, म्हणून सोमवारी पोटात नळी बसवायची ठरले. नळीतून दूध, नळीतून औषध. हे काम पेशंटच्या एकट्याच्या सहीवर ते करत नाहीत. "तुमच्या भावालाच आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगण्यात अर्थ नाही. त्यांना सांगते. ते आले तर नळी बसवून लगेच पुढचं सुरू करू, नाही आले तर सगळंच पुढे ढकलावं लागेल. आणि आता गाडी लावतोय म्हणू नका."

इथे तुमच्या यजमानांचा संबंध येतो. तुम्ही त्यांची बाजू नऊ वर्षे ऐकत असाल, माझी थोडक्यात सांगतो. आमच्या दोघांच्या दुकानात त्यांनी छपाईचे यंत्र आणले, दहा मिनिटांत बोर्ड छापणारे. मी म्हणालो, इथे ब्रश राहील नाहीतर ते धूड राहील. ते धूड घेऊन बाहेर पडले. इथवर दोघांचीही चूक समसमान. पुढे त्यांच्या नव्या दुकानावर बोर्ड लागला, त्यातली अक्षरे जागेत बसवण्यासाठी कणकेसारखी ताणलेली. मी नजर वळवून गेलो नाही. आत गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर फूटपट्टी लावून दाखवले. तुम्ही तेव्हा गल्ल्यावर होतात. तुम्ही मला पाणी आणून दिलेत आणि यजमान म्हणाले, "दादा, पाणी पी आणि जा. परत इकडे येऊ नकोस." मी पाणी न पिता गेलो. अक्षरांबद्दलचे माझे मत आजही तेच आहे. पण बोर्ड त्यांचा होता, भिंत त्यांची होती आणि गिऱ्हाईकही त्यांचे होते, हे मला परवा टेबलावर उघडा पडलो असताना समजले. माणूस आडवा झाला की काही गोष्टी सरळ दिसतात. हे वाक्य त्यांना सांगितलेत तरी चालेल. किंवा नको, जरा शिकवल्यासारखे वाटते.

बाकी ठीक. केस निम्मे गेले, पण जे राहिले ते शिस्तीत आहेत. मुलीला आशीर्वाद, तुमच्या गुडघ्याला आराम आणि यजमानांना जे तुम्हाला योग्य वाटेल ते.

आपला,
थोरला दीर (पेंटर)

ता. क. हे पत्र यजमानांना दाखवू नये.

आणखी ता. क. दाखवलेच तर सोमवार, सकाळी नऊ, तिसरा मजला, जिन्यातून उजवीकडे वळून शेवटची खोली. सही एकच आहे. माझ्याशी बोलण्याची सक्ती नाही, अर्जात तसा रकाना नाही. दुपारपर्यंत बसावे लागेल. बसायची सोय आहे.

आणखी एक. नव्या खुणा काल करून दिल्या. त्यांतली डाव्या कुशीवरची, काखेच्या मागे गेलेली, मला नीट दिसत नाही. हात वर धरला तर आरसा धरायला हात उरत नाही. सूचनापत्रात चौदावा मुद्दा आहे, की घरच्यांनी रोज संध्याकाळी खुणा पाहाव्यात आणि पुसट झाल्यास कळवावे, स्वतः गिरवू नयेत. गिरवणार नाही, शब्द देतो. पण ती पुसट होते आहे की नाही, एवढे रोज कोणीतरी पाहून सांगायला हवे. दोन मिनिटांचे काम आहे. मी संध्याकाळी घरीच असतो.

शेवटचा ता. क. (पेन्सिलने लिहितो आहे, माफ करा, पेन घरी राहिले.) हे पत्र टपालाने मंगळवारी पोहोचले असते, म्हणून स्वतः घेऊन आलो. चाळीस मिनिटांच्या रस्त्याला तीनदा बसून दीड तास लागला. तुमच्या दाराबाहेर उभा आहे. आतून दोघांचेही आवाज येत आहेत. दार वाजवणार होतो, पण वाजवल्यावर ते कोण उघडेल हे वाजवणाऱ्याच्या हातात नसते. म्हणून पत्र फटीतून आत सरकवतो आणि समोरच्या पायरीवर बसतो. थोडा दम खायला. दहा मिनिटे. वीस धरा, मला कुठे जायचे नाही. दार तुम्ही उघडलेत तर उत्तमच. धाकट्याने उघडले तरी चालेल.