एक-दहा आणि मादी धबधबा

४ ऑगस्ट
जुना कॉम्प्युटर गेला तो गेलाच. ह्यांच्या प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे त्यांनी लिहिलेला मूळ मजकूर, पेनड्राइव्हवर शाबूत आहे, किल्ल्यातल्या नर-मादी धबधब्यांचा भरतकामाचा चार्टही. पण तो चार्ट ह्यांच्या प्रोग्रामशिवाय कशातच उघडत नाही, आणि कागदावर काढून घ्यायचं तेव्हा सुचलं नाही. मॅटीच्या कापडावर नर पुरा भरलाय. मादीची जागा सहा वर्षं कोरी. हे गेले तेव्हा सुई थांबली, ती तिथंच.

नव्या मशीनवर प्रोग्राम सोर्सपासून बांधायला बसले. हे शिकवून गेले तेवढं येतं. पहिल्याच पायरीला अडले: ‘चित्रांची लायब्ररी जुनी आहे. १.९ किंवा पुढची हवी.’
ही लायब्ररी म्हणजे चित्रं दाखवायला प्रोग्राम जिची मदत घेतो ती. जुनी कशी? परवाच तर नवीकोरी घातली.

५ ऑगस्ट
यूसुफभाई आले. ह्यांच्याबरोबर टेक्निकलला शिकवायचे, तेव्हापासून आमच्याकडे चहात साखर दोन चमचे. भाभींना सांगायचं नाही.
“मशीन खोटं बोलत न्हाय, वहिनी. जुनी म्हणतंय तर जुनी असंल.”
“मग मी खोटं बोलते का?”
“तोबा! तसं कुठं म्हणलो? मागतंय ते देऊन टाकू, वाद कशाला.”
शोधून १.९च आणली, तीही सोर्सपासून बांधली. तक्रार बंद. प्रोग्राम झाला. चार्टवर क्लिक केलं, खिडकी आपोआप मिटली. तीनदा. यू.भा. तिसरा चमचा साखर मागून बसले.

८ ऑगस्ट
भाकरी थापताना उलगडलं. मशीनमध्ये आता दोन लायब्ऱ्या. बांधताना प्रोग्रामने माहिती वाचली मागाहून आणलेल्या १.९ची, चालताना हात धरला आधीच्या नवीकोरीचा. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या वर्गात दोन शकुंतला होत्या. सिस्टर हजेरी एकीची घ्यायच्या, वही दुसरीची तपासायच्या, नि रडायचं मी.
१.९ काढून टाकली. परत पहिलीच तक्रार. तरी बरं वाटलं. निदान एकच चूक उरली.

११ ऑगस्ट
ह्यांची तपासणीची फाईल उघडली. तीसेक ओळी, सकाळ गेली. ह्यांचा हात ओळखू येतो, कंसाआधी नेमकी एक जागा सोडलेली.

नव्या लायब्ररीचा नंबर १.१०. ही तपासणी ते आकडे म्हणून बघतच नाही. एकेक खूण ताडते: १ ला १, टिंबाला टिंब, मग इकडे १ आणि तिकडे ९. एक लहान. म्हणून जुनी! शून्यापर्यंत जातच नाही. फोनमधले फोटो १ नंतर १० नि मग २ असे लागतात, तसंच.

ह्यांनी लिहिलं तेव्हा लायब्ररी नवापर्यंतच आली होती. दहावी येईल हे मनात आलं नसणार. दूध उतू जाईपर्यंत गॅसकडे न बघणारा माणूस.

१२ ऑगस्ट
यू.भा.: “ती तपासणीच उडवा की. नवी हाय हे आपल्याला म्हाईत हाय.”
नको. उद्या मीरा पुण्याला तिच्या मशीनवर बांधेल. माझ्या लेकीकडे खरंच जुनी निघाली तर तिला कोण सांगणार?

टिंबावर तोडून दोन्हीकडचे आकडे आकडे म्हणून ताडले. नवाहून दहा मोठे, एवढं साधं. ह्यांची ओळ पुसली नाही. पुढं खूण करून वरच ठेवली. मशीन ती वाचत नाही. मी वाचते.

“मास्तरांची चूक काढली तुम्ही,” यू.भा. म्हणाले. “आज असते तर?”
“आधी नाही म्हणाले असते. मग चहा करून आणला असता.”
“कसला चहा! बिनसाखरेचा.”

१३ ऑगस्ट
प्रोग्राम बांधला. चार्ट उघडला. मादी आहे!
चष्मा पुसून पुन्हा बघितलं. वरपासून सगळ्या चौकटी रंगवलेल्या, फक्त तळाच्या सात ओळी कोऱ्या. बाजूला टीप: ‘पाणी बघून.’ त्या शेवटच्या पावसाळ्यात हे सोलापूरला दवाखान्यात होते. बघायचं राहिलं.

यूसुफभाईंना फोन केला.
“धबधबे जोरात चालू हायेत. उद्या किल्ल्यात जाऊ. तुमची भाभी बी येते म्हणती. थर्मास तुमचा. साखर तेवढी...”
“तिच्यासमोर?”
“ऱ्हाऊ द्या मग.”

निळ्याच्या तीन लडी आणि एक करडी पर्समध्ये टाकल्या. ह्यांना त्या पाण्यात कोणता रंग दिसायचा, मी कधी विचारलंच नाही.