दोरीचं दुसरं टोक

१ सप्टेंबर
पोचलो! खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन पलंग, मधे खुर्ची. धाकटीने आल्या आल्या खोली मोजली — दारापासून पलंग पाच पावलं, पलंगापासून नळ सात. "ताई, खुर्ची हलवायची नाही हं." दिसत नाही तिला, पण हुकूम भरपूर!

दिव्यांगांची जागतिक स्पर्धा. पंधराशे मीटर, शर्यत पाच तारखेला. दोरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. अकरा वर्षं मीच तिची गाईड.

२ सप्टेंबर
सकाळी सराव. शेवटच्या फेरीत दोरी ताणली गेली — तिच्या बाजूने! म्हणजे ती मला ओढत होती. गाईडने पुढे जायचं नाही, मागेही पडायचं नाही, बरोबर राहायचं. गेले चार महिने मी मागे पडतेय. सरांनी घड्याळ पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी एकेचाळीसची, ती तेहतीसची. वय काय कुणासाठी थांबतं?

३ सप्टेंबर
जेवणाचं ताट तसंच परत केलं.

४ सप्टेंबर
केलं एकदाचं! सरांना सांगितलं, पोटरी धरलीय, पळणं जमणार नाही. धडधडीत खोटं. खरं सांगितलं असतं तर धाकटी अडून बसली असती — "तू नाहीस तर मीही नाही." ओळखून आहे मी तिला.

सर म्हणाले, "नक्की?" म्हटलं, नक्की. मग राखीव गाईडचं नाव लागलं. ही पोस्टात काम करते. टांगा एवढ्या लांब की आम्ही तिला शिडीच म्हणतो. दर रविवारी धाकटीबरोबर पळलेली आहे, तेव्हा अगदीच नवखी नाही.

दिवसभर लंगडले. दुपारी तर चुकून दुसऱ्याच पायाने!

धाकटीने एवढंच विचारलं, "दुखतंय का गं?"
"हो."
"बर्फ लाव मग."

५ सप्टेंबर
आज मी तिला धावताना पाहिलं.

अकरा वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं! माझं सगळं लक्ष वळणावर, पट्ट्यावर, पुढचीच्या टाचांवर. आज प्रेक्षकांत बसले. ती हनुवटी वर करून धावते, लांबून कसलातरी वास येतोय तशी. डावा खांदा जरा उचललेला. तोंड उघडं — हसतेय की धापा टाकतेय, कळेना.

तिसऱ्या फेरीपर्यंत पाचवी. शेवटच्या फेरीत शिडी काहीतरी ओरडली आणि दोघी सुटल्या! दोरी सैल, अगदी झोपाळ्यासारखी. पाचवीची चौथी, चौथीची तिसरी.

तिसरी!!

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "तुमच्या कोण?" "बहीण," म्हटलं, आणि रडूच कोसळलं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

६ सप्टेंबर
पदक उशाशी घेऊन झोपली होती बया. उठल्या उठल्या प्रश्न — "मी कशी दिसते गं पळताना?" सांगितलं सगळं. हनुवटीचं ऐकून खो खो हसली. "आणि खांदा?" परत सांगितलं. तीनदा सांगायला लावलं.

शिडीला मिठी मारली. मनापासून. थोडं टोचलं, तेही मनापासूनच.

७ सप्टेंबर
परतीच्या बसमध्ये धाकटी हळूच म्हणाली, "लंगडणाऱ्याची पावलं सारखी वाजत नाहीत, ताई. तुझी वाजत होती."

मी विचारलं, "तेव्हाच का नाही बोललीस?"

"मलाही पदक हवं होतं."