फुगल्या त्यांची मापं राहिली

तुझ्या सादनं माझ्या साडेनऊशे बायकांची मापं घालवली. सलाम-खुशाली मागनं, आधी हे वाच.

वाचलंस? मग आता सलाम घे, रसूल. गुडघा कसा हाय? डाक्टरनं दिलेला पट्टा तू बांधत नसशीलच. वहिनीला सलाम, लेकरांना दुवा. आमी हितं इंदापुरात खुशाल हाव असं लिहायची रीत हाय, पण मी खोटं कशाला लिहू? (रक्तदाब मोजायला गेले तर नर्स म्हणली, "आजी, कुणाशी भांडून आलाय?" मी म्हणलं, अजून जायचंय.)

चाळीस वर्षं ब्लाऊज शिवतीया, एक माप इकडंतिकडं झालं न्हाय, कारण सगळं वहीत होतं. मग सून मेहजबीननं दुकानात कंप्युटर आणला. वह्यांतली मापं त्यात भरली, एकेका बाईचं एकेक पान, अन् वह्या रद्दीत घातल्या. चार दिवसांनी स्टँडवर भेळ घेतली तर पुडीच्या कागदावर कळंबच्या आक्काबाईची कंबर. (अठ्ठावीस. लग्नाच्या वर्षाची. आता त्या अठ्ठावीसात तिचा एक दंड बसला तरी लई झालं.) तवाच मी म्हणलं, की हे कागद गेलं, आता कंप्युटर गेला तर काय? म्हणून तुझ्या पोराला बोलावलं. बारामतीत कंप्युटरचं दुकान हाय, घरचा माणूस हाय, म्हणलं परका कशाला.

रमजानच्या आधी आला. तवर कंप्युटरातलं बॅकअपचं सॉफ्टवेअर आमच्या डिझाइनच्या फोटोंची तेवढी नक्कल इंटरनेटवर ठेवायचं. शुक्रवारी सगळ्याची, मधल्या दिवशी जे बदललं असंल तेवढ्याचीच. साद म्हणला, "फुफी, सेटिंग बदलतो. मापांचं फोल्डर पण त्यात घालतो. अन् शुक्रवारची मोठी नक्कल तुमचं सगळं इंटरनेट खातीया, ती बंद करतो. रोजची लहान नक्कल बास हाय." तीन कप चहा पिला, सेटिंग बदललं, आमच्या हातची खिमा-चपाती खाल्ली, गेला. मी सात महिने निवांत.

दिवाळीच्या पाडव्याला लाईट आली ती डबल जोरानं आली. पंखा गेला, कंप्युटर गेला. मी म्हणलं, जाऊ दे, नक्कल हाय. सादनं नवा कंप्युटर आणून नक्कल उतरवली. डिझाइनचे फोटो सगळे आले. मापं किती आली? अकराशेतली एकशे त्रेचाळीस! अन् कुणाची? रसूल, नीट ऐक. ज्या बायका त्या सात महिन्यांत जाड झाल्या अन् मी नवं माप लिहिलं, त्यांची आली. ज्या बिचाऱ्या जपून खाऊन होत्या तशा राहिल्या, त्यांची गेली! असला न्याय कुठल्या तहसिलात सुदिक होत न्हाय.

सादला फोन केला तर मलाच शिकवतोय. "फुफी, सॉफ्टवेअर बरोबर वागलं. फोल्डर नवं घातलं, पण त्यातली पानं जुनी. रोजची नक्कल काल आन् आजमधला फरक बघती. जुन्या पानांत फरक न्हाय, म्हणून ती उचलली न्हायत." आता मी चौथी शिकलेली बाई, पण मला सांग, नवी सून घरात आली तर पहिल्या दिवशी तिची पेटी उघडून सगळं बघतात, का तिनं रोज बाजारातनं काय आणलं तेवढंच बघतात? पेटी एकदा बघितली, मग रोजचं बघा की! एवढी अक्कल त्या सॉफ्टवेअरला न्हाय, अन् ते बसवणाऱ्याला?

आता बायकांना परत मापाला बोलावतीया, तर एक सरळ टेपाखाली येत न्हाय. आक्काबाई पोट आत ओढून, श्वास कोंडून उभी. म्हणली, "करिमाबी, जुनंच लिवा की." मी म्हणलं, जुनं भेळवाल्यानं विकलं. तवापासनं बोलत न्हाय.

पण खरा घोर शेळगावच्या जयवंताबाईचा हाय. तिच्या वृषालीचं लग्न बारा दिवसांवर आलंय, सात ब्लाऊज माझ्याकडं. पोरगी कॅनडात. माघात साखरपुड्याला मी स्वतः माप घेतलं होतं, ते सेटिंग बदलायच्या आधीचं, म्हणजे गेलं. नमुन्याचा ब्लाऊज मागितला तर तो तिनं तिकडं मैत्रिणीला देऊन टाकलेला. नवं माप पाठवलं ते स्वेटरावरनं घेतलेलं. त्या मापात ती अन् तिचा नवरा दोघं बसतील. शेवटी अंदाजानं कापलं, दोन्ही अंगाला दोन-दोन बोटं जादा कापडाची माया सोडून कच्चं टाचून ठेवलंय. ती येणार हळदीच्या आदल्या सकाळी. एक जरी बगलेत फाटला तर मांडवात चार गावच्या बायका बघणार, अन् चाळीस वर्षांचं नाव तिथंच उसवणार. मेहजबीनला मी महिनाभर रोज म्हणतीया, वह्या विकल्यास त्याची ही फळं. ती बटणं लावत ऐकती. ऐकंलच.

तुझी मोठी बहीण,
करिमा

ता. क. सादला पाठवून दे. शुक्रवारची मोठी नक्कल परत चालू करायची. इंटरनेट खाऊ दे काय खायचं ते.

ता. क. आणखी एक. हे तू मोठ्यानं वाचू नको. त्या दिवशी जाताना साद म्हणला होता, "सेटिंग बदललंय म्हणून एकदा सगळ्याची नक्कल चालू केलीया, संध्याकाळपतूर बंद करू नका." आता दुकानात प्लग एकच चांगला, अन् माधवीबाईंच्या साडीला इस्त्री करायची होती. मी कंप्युटरची वायर काढली. तवा ते डिझाइनच्या फोटोंवरच होतं, मापांवर पोचलंच नव्हतं. इस्त्री झाली, वायर परत लावली, कंप्युटर परत सुरू झाला, मला वाटलं पुढची नक्कल आपली आपण हुईल.

काल साद म्हणला, सॉफ्टवेअर सगळं लिहून ठेवतंय, कुठल्या दिवशी किती वाजता नक्कल मधीच तुटली ते. ते काढून सोमवारी मेहजबीनभाभीला पाठवतो म्हणला. त्या वेळंला मेहजबीन माहेरी होती, अन् दुकानात मी एकटी. ती ओळ पुसता येते का, एवढंच मला कळवायचं. उत्तर सादनं द्यायचं, तू न्हाय, अन् मेहजबीनच्या फोनवर तर अजिबात न्हाय. कागदावर लिहून, सोमवारच्या आत, स्वतः घेऊन यायचं अन् माझ्या हातात द्यायचं.