जिभेला चिकटलेला दगड

ती. ताईस नमस्कार,

मी ठणठणीत आहे, हे आधी वाच आणि मगच पुढचं.

मागच्या आठवड्यात जीवाश्म शोधायला एका जुन्या खाणीपाशी गेले होते. हाडाचा जीवाश्म जिभेला चिकटतो, साधा दगड चिकटत नाही. म्हणून आम्ही हौशी मंडळी दगड चाटून बघतो. मीही चाटला. घरी आल्यावर वाचलं, की त्या खाणीच्या मातीत आर्सेनिक आहे. म्हणजे विषच.

आज तपासणीचा रिपोर्ट आला. काहीही निघालं नाही! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, दोन वर्षांच्या पोराला सांगतो ते तुम्हाला सांगू? खाली पडलेलं तोंडात घालायचं नाही!" मी इतकी हसले की डोळे पुसावे लागले.

दगड चिकटला का, हे तू विचारशीलच. चिकटला. यापुढे मात्र ओलं बोट लावूनच बघेन.

तुला आधी कळवलं नाही, ते बरोबर की चूक, अजून ठरत नाही. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

रिपोर्ट येईपर्यंत दाराला आतून तुझा फोननंबर मोठ्या अक्षरांत लावून ठेवला होता, कुणाला दार तोडून आत यावं लागलं तर दिसावा म्हणून. आज तो काढला आणि मगच लिहायला बसले.

तुझी,
धाकटी