आईचा एकच सिनेमा

प्रिय धाकटे,

फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले आहे. आई बरी आहे, ते आधी सांगते. डॉक्टरांनी सगळं तपासलं. स्मरणशक्ती माझ्याहून चांगली निघाली. ऐकून हायसं वाटायला हवं होतं, ते काही वाटलं नाही.

लग्नाआधी आईने एका हिंदी सिनेमात नायिकेचं काम केलं होतं, एवढंच आपल्याला ठाऊक. विषय निघाला की ती खाली बघून हसायची आणि बाबा चष्म्याच्या काचा पुसायला घ्यायचे. बाबा गेल्यावर महिनाभराने जुन्या फिल्मा जमवणाऱ्या एका गृहस्थांचा फोन आला. त्या सिनेमाची रिळं त्यांना सापडली होती. भर दुपारी त्यांच्या घरी, पडदे ओढलेल्या खोलीत, ते गृहस्थ आणि मी, आम्ही दोघांनीच तो पाहिला.

गोष्ट साधीच, प्रेमाची. तो परत येत नाही आणि ती आयुष्यभर वाट बघते. पण काय काम केलंय गं तिने! नायक तावातावाने बोलत असतो आणि आपण तिच्याकडेच बघत राहतो. उत्तर देण्याआधी ती किंचित थांबते, नजर खाली जाते, मग ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हसू उगवतं. माझे डोळे भरून आले. आपलीच आई! मग चौकटीला तळहात टेकून उभं राहणं आलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळणं आलं. आपल्याला उशीर झाला की न रागावता नुसतं "जेवलीस?" म्हणायची ना, तेही आलं, आवाजाच्या त्याच चढउतारासकट. शेवटी कुणीतरी त्याच्या मरणाची बातमी आणतं. ती ताठ बसते, हातातली बांगडी सरळ करते आणि म्हणते, त्यांना यायला उशीर होईल, दार नुसतं लोटून ठेवा. बाबांचा देह हॉस्पिटलातून घरी आणला तेव्हा आई अशीच बसली होती. बांगडी अशीच सरळ केली होती. वाक्यही हेच, फक्त मराठीत.

मी कसंबसं म्हटलं, ती घरीसुद्धा अगदी अशीच असते. गृहस्थ चकित झाले. म्हणाले, "कमाल आहे! माझे वडील त्या सेटवर दिवे लावायचे. ते सांगायचे, बाई खदाखदा हसायची, शीळ घालायची, कुणाच्या बापाला ऐकायची नाही. कॅमेरा सुरू झाला की दुसरीच कुणी उभी राहायची. ती मान, ते हसू, सगळं तिने महिनाभर आरशासमोर बसवलेलं."

घरी परतले तर जिन्यातच शीळ ऐकू आली. आई खिडकीत पाय वर घेऊन बसली होती. सिनेमा पाहिला म्हणून सांगितलं. ती थांबली नाही, तिची नजर खाली गेली नाही. सरळ माझ्याकडे बघत, मी कधीच न ऐकलेल्या जाड आवाजात म्हणाली, "तुझ्या बाबांनी तो अकरा वेळा पाहिला होता. लग्न त्यांना तिच्याशी करायचं होतं. माणूस चांगला होता. म्हटलं, करू थोडे दिवस." आणि हसत सुटली. मग एकदम लहान मुलीसारखं विचारलं, "आता संपलं ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून ती तशीच आहे. चाल वेगळी, हसणं वेगळं. चहात साखर नको म्हणते; कधीच आवडत नव्हती म्हणे. माझ्याशी छान वागते. मी मात्र खोलीला आतून कडी लावून झोपते.

काल तिने तुझी चौकशी केली. "धाकटीनं मला ओळखलं होतं," म्हणाली. तू सात वर्षांची होतीस. ही आपली आई नाही, ही आई-आई खेळते, असं माझ्या कानात सांगितलंस आणि मी फाडकन तुझ्या थोबाडीत मारली. त्यानंतर तू घरात गप्प होत गेलीस, आणि मोठी झाल्यावर इतकी लांब निघून गेलीस. त्याची माफी मागायला हे पत्र लिहिते आहे. तू खरं बोलत होतीस गं. आता ये. तिला एक गोष्ट विचारायची आहे आणि एकटीने धीर होत नाही. आजारपणात आपल्या उशाशी जी बसून राहायची, ती दोघींपैकी कोण होती?

तुझीच,
ताई